वर्दीतलं जंगल, वर्दीबाहेरचं जंगल: कोकणातल्या आदिवासी मुलामुलींसाठी कामाच्या वाटा

वनरक्षकाच्या लेखी परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता-गणित एवढंच विचारतात. कोणता कंद कधी खणायचा, रानडुकराची वाट कुठल्या बांधावरून जाते, खैराचा कोणता फाटा तोडला तर झाड पुन्हा फुटतं, यातलं काही त्या पेपरात येत नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली, कोकणा घरातल्या मुलाला हे सगळं आजा-आजीकडून मिळालेलं असतं आणि भरतीच्या रांगेत त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे दहावी-बारावीनंतर 'जंगलातलं काम करायचंय' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी दोन वेगळे हिशोब मांडायला सांगतो. वर्दीच्या नोकरीसाठी लागतात कागद, पेपर आणि पाय. जंगलाच्या ज्ञानाचे पैसे मिळतात ते दुसरीकडे: ग्रामसभेच्या वनहक्कात, खाडीत, वनौषधीत, अभ्यासकांच्या सर्वेक्षणात. दोन्हीकडे एकाच वेळी तयारी करता येते. एकाच्या भरवशावर दुसरं सोडून देणं मात्र मला पटत नाही, कारण भरतीची जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही.

आधी आपली वाडी कुठे येते ते बघा

कोकण एकच असलं तरी नियम सगळीकडे सारखे नाहीत. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके, ठाण्यातला शहापूर आणि पालघर, वसई, भिवंडी, मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्यपालांच्या २०१४च्या अधिसूचनेने या क्षेत्रातली काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवली, आणि वनरक्षक हे त्यातलं एक पद आहे. 'स्थानिक' म्हणजे २६ जानेवारी १९५० पासून जे स्वतः, किंवा ज्यांचे आईवडील वा आजोबा-आजी, त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात राहत आले आहेत ते. या पदांच्या भरतीवरून न्यायालयात वाद झाले आणि निवड झालेली मुलं लटकून राहिली. २०२४ मध्ये त्यांना मानधनावर नेमण्याचा मार्ग शासनाने काढला. म्हणून पेसाची जागा दिसली की अर्ज जरूर करा, पण हातातलं दुसरं काम सोडू नका.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नाही. रायगडात कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या कितीतरी आहेत, तरी कर्जतच्या किंवा सुधागडच्या मुलाला पेसाची जागा मिळत नाही. त्याला अनुसूचित जमातीच्या सर्वसाधारण आरक्षणातूनच जावं लागतं. पालघरच्या मित्राचं ऐकून चुकीच्या रकान्यात टिक करणारी मुलं दर भरतीला भेटतात.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. वनखात्याची भरती वनवृत्तानुसार होते. पालघर, ठाणे, रायगड हे ठाणे वनवृत्तात येतात, तर रत्नागिरी (चिपळूण वनविभाग) आणि सावंतवाडी वनविभाग कोल्हापूर वनवृत्तात. कुडाळच्या ठाकराने ठाण्याची यादी चाळत बसण्यात अर्थ नाही. शिवाय रत्नागिरीत सरकारी वन फारच थोडं आहे, डोंगर दिसतात ते बहुतेक खाजगी मालकीचे किंवा देवरहाटीचे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचे. तिथे वर्दीची पदं कमी असणार हे ओघाने आलं. त्या जिल्ह्यात किनारा, देवरहाटी आणि खाजगी जंगल यांच्याशी जोडलेलं काम जास्त.

आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही लक्षात ठेवा: डहाणू, जव्हार, शहापूर आणि पेण. दक्षिणेकडच्या तिन्ही जिल्ह्यांना पेणच. दोडामार्गहून पेण म्हणजे आख्खा दिवस जातो, तेव्हा निघण्याआधी फोन करून कागदांची यादी विचारून घ्या.

कागद: इथेच जास्तीत जास्त मुलं अडकतात

धावणं दोन महिन्यांत सुधारतं. जात पडताळणी तशी सुधारत नाही. म्हणून कामाची सुरुवात इथून करा, जाहिरात आलेली असो वा नसो.

जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून जातो. नंतरची पायरी पडताळणीची, ती अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे. कोकणाची समिती ठाण्याला आहे. अकरावी-बारावी सायन्सला असाल तर पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फतच टाका. त्या वेळी कॉलेजचं पत्र सहज मिळतं, पुढे घरी बसल्यावर ते मिळवताना नाकी नऊ येतात.

समितीला पुरावा हवा असतो तो शक्यतो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, कारण त्या तारखेला अनुसूचित जमातींची यादी लागू झाली. आता कातकरी आजोबा १९५० च्या आधी शाळेत गेले असण्याची शक्यता किती? नसतीलच बहुधा. मग शोधायचं कुठे? तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात आणि बऱ्याच ठिकाणी नावापुढे जातही लिहिलेली असते. नक्कल मिळवायला साधा अर्ज करायचा, गावाचं नाव आणि अंदाजे साल द्यायचं. नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूस शोधून तिचं देवनागरीत लिप्यंतर करून जोडावं लागतं. पणजोबांचं नाव 'काळू' की 'काळ्या', आडनाव 'वाघमारे' की नुसतं 'काथोडी', असे फरक इथेच निघतात. नावात फरक दिसला तर घाबरू नका. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही रूपं स्पष्ट लिहा आणि ती एकाच माणसाची आहेत असं नमूद करा.

शाळेच्या दाखल्यावरची जात नीट वाचा. यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन कातकरी ही नावं एकत्र आहेत. ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर हीही एकत्र आहेत. म्हणजे दाखल्यावर 'ठाकर' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'ठाकूर' असलं तर बिघडत नाही. कोळ्यांचं मात्र जपून. महादेव कोळी, मल्हार कोळी या जमाती यादीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. दाखल्यावर नुसतं 'हिंदू कोळी' असेल तर समिती खोलात जाणार हे गृहीत धरून आधीच जास्त पुरावे गोळा करा.

वडील, काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं समजा. रक्ताच्या नात्यातली, वडिलांकडची वैधता हा भक्कम पुरावा धरला जातो. भावकीत कुणी तलाठी, शिक्षक, पोलीस झाला असेल त्याच्या घरी जा आणि त्याच्या फाईलची झेरॉक्स मागा. तो कुरकुर करेल, पण देईल.

समितीचं दक्षता पथक घरी येऊन कुळाचं दैवत कोणतं, लग्नात काय विधी होतो, मयताला काय करता असं विचारतं. शहरात वाढलेली पोरं इथे गडबडतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीशी संबंधित प्रकरणातच स्पष्ट केलं की ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी नाही. जुने कागद भक्कम असतील तर फक्त या चाचणीवरून दावा फेटाळणं योग्य नाही. अर्ज नामंजूर झालाच तर हा निकाल वकिलाला दाखवण्यासारखा आहे. तरी आजीजवळ एक संध्याकाळ बसा. चाचणीसाठी म्हणून नाही, तरी बसा.

ज्यांच्याकडे एकही कागद नाही, त्यांच्यासाठी गृहचौकशीची तरतूद आहे: स्थानिक चौकशी करून प्रांत जातीचा दाखला देऊ शकतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक (बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड). नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात वाड्यांवर दाखल्यांची आणि आधारची शिबिरं भरतात. अडचण अशी की दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली असते. शिबिर जानेवारीत लागलं तर येणार कोण? ग्रामपंचायतीला आणि प्रकल्प कार्यालयाला लेखी द्या की आमच्या वाडीचं शिबिर लावणी उरकल्यावर, दिवाळीच्या आत घ्या. भट्टीवर जाताना मुलांच्या शाळेचा दाखला मुकादमाकडे ठेवू नका. घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवा.

वनरक्षक

खात्याची उतरंड अशी: वनरक्षक (याला लोक बीटगार्ड म्हणतात), त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे रेंजर, पुढे सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक. सरळ भरतीत आदिवासी मुलांना सगळ्यात जवळचं पद वनरक्षकाचं.

इतरांना बारावी लागते आणि त्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी उत्तीर्ण पुरते. उंचीतही सवलत आहे: पुरुषांना १६३ ऐवजी १५२.५ सेंमी, महिलांना १५० ऐवजी १४५ सेंमी. वय १८ ते २७, राखीव प्रवर्गाला पाच वर्षं जास्त. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ठाकर-कातकरी मुलींनी या जागा मनावर घ्याव्यात असं मला फार वाटतं. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढ चढणाऱ्या मुलीला तीन किलोमीटर धावणं जड नाही, घरच्यांची परवानगी जास्त जड असते.

२०२३च्या भरतीत लेखी परीक्षा १२० गुणांची होती आणि धावणं ८० गुणांचं. लेखीत ४५ टक्के पडले नाहीत तर पुढे मैदानच नाही. पुरुषांना ५ किमी ३० मिनिटांत आणि महिलांना ३ किमी २५ मिनिटांत, ही फक्त पात्रतेची वेळ आहे. गुण वेळेप्रमाणे मिळतात, म्हणून २९ मिनिटांत पोचणारा पात्र ठरतो आणि यादीत तळाला जातो. शेवटी चालण्याची चाचणी: चार तासांत पुरुषांना २५ किमी, महिलांना १६ किमी. आपल्याकडच्या पोरांना हे सोपं वाटतं, आणि खरंच सोपं आहे, फक्त नवे बूट घालून त्या दिवशी जाऊ नका.

धावण्याच्या सरावासाठी कातळाचा सडा टाळा. कठीण जांभ्यावर रोज पळून नडगी दुखायला लागते आणि मग महिनाभर बसावं लागतं. पावसाळ्यात डांबरी रस्ता, कापणी झाल्यावर सुकलेलं शेत, किनाऱ्यावर असाल तर ओहोटीची घट्ट ओली वाळू. अंतर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजा, मोबाईलच्या अंदाजावर नको.

पेपरात आपल्या मुलांना नडतं ते इंग्रजी आणि गणित. सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तकं पाठ करण्यापेक्षा पाचवी ते दहावीची शाळेची गणिताची पुस्तकं सोडवा. जुने प्रश्नसंच वेळ लावून सोडवा. परीक्षा संगणकावर होते, तेव्हा ज्याने माउस कधी धरला नाही त्याने तालुक्याच्या सायबर कॅफेत किंवा आश्रमशाळेच्या संगणक कक्षात बसून आधी हात बसवावा. आदिवासी विकास विभागाकडून स्पर्धा परीक्षेचं मोफत प्रशिक्षणही मिळतं, त्याची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा.

निवड झाल्यावर प्रशिक्षण. कोकणाच्या जवळची संस्था शहापूरला आहे. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. भरतीची अट जाहिरातीगणिक बदलू शकते, म्हणून वरचे आकडे तयारीसाठी धरा आणि अर्ज करताना ताजी जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आता त्या नोकरीत काय करावं लागतं तेही बघा. पहाटे बीटवर, म्हणजे वनरक्षकाला नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, फिरताना खैराचा ताजा बुडखा दिसला समजा. कापल्या जागी लाल गाभा ओला दिसतो, आजूबाजूला सालीचे आणि पांढऱ्या लाकडाचे तुकडे पडलेले असतात, कारण तस्कर झाड तिथेच सोलून फक्त गाभा नेतात. सोलीव खैर वजनाला हलका आणि गाडीत लपवायला सोपा. वनरक्षकाने बुडख्याचा घेर टेपने मोजायचा, जागेची नोंद घ्यायची, पंच बोलावून पंचनामा करायचा आणि गुन्हा नोंदवायचा. खात्यात याला पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाडणं म्हणतात. पंच म्हणून सही करायला जो येतो तो बऱ्याचदा शेजारच्या वाडीतला तुमचाच नातेवाईक असतो, आणि मजुरीवर झाड तोडायला गेलेलाही कधी कधी तुमचाच. ही या नोकरीतली सगळ्यात अवघड बाजू आहे आणि कुठल्याही प्रशिक्षणात ती शिकवत नाहीत. पहिलं पोस्टिंग आपल्या गावाच्या बीटवर मागू नका, थोडं लांब मागा. खैराच्या धंद्यात पैसा मुंबई-पुण्याकडचा व्यापारी खातो आणि फाटी उचलणारा कातकरी आत जातो, हे वर्दी घातल्यावरही विसरू नका एवढंच.

रोजंदारीवरचं काम, म्हणजे रोपवाटिकेत पिशव्या भरणं, जाळरेषा काढणं (वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा साफ करणं), फेब्रुवारी ते मे वणवा राखणं, हे हातखर्चाला चांगलं आहे. त्यातून पुढे कायम करतील या आशेवर दहा-दहा वर्षं घालवलेली माणसं आहेत. हजेरी पत्रकाची झेरॉक्स दर महिन्याला ठेवा आणि पैसे खात्यातच घ्या.

पदवी घ्यायची असेल तर

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, चार वर्षांची वनशास्त्र पदवी तिथे मिळते. प्रवेश एमएचटी-सीईटीतून. बारावीला सायन्स हवं, आणि अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. पडताळणी नसेल तर हे सगळं अडतं, पुन्हा तेच.

ही पदवी झाली की एमपीएससीतून रेंजर किंवा सहायक वनसंरक्षक होता येतं. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र अशी विज्ञानाची किंवा कृषीची पदवी असली तरी चालते, दापोलीच पाहिजे असं नाही. केंद्राच्या भारतीय वनसेवेसाठी यूपीएससी. पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत या परीक्षांच्या मागे लागू नका, आधी विषय नीट शिका. वनशास्त्र शिकलेल्यांना रोपवाटिका, बांबू प्रकल्प, कंपन्यांची वृक्षलागवड, संस्थांची सर्वेक्षणं अशीही कामं मिळतात. कुडाळला बांबूवर काम करणारं कॉनबॅक केंद्र आहे, सिंधुदुर्गातल्या माणगा बांबूला त्यामुळे फर्निचरपर्यंतचा रस्ता मिळाला. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही, त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू तोडून विकायला आता तो अडसर नाही.

ग्रामसभा हीसुद्धा काम देणारी आहे

या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कोकणात याकडे कुणी करिअर म्हणून बघतच नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने दोन प्रकारचे हक्क दिले. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टर, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा असेल तर. आपल्याकडे दळीची जमीन, प्लॉट असं म्हणतात त्यावर बहुतेक दावे झाले. दुसरा आहे सामूहिक हक्क: गौण वनोपजाची मालकी, चराई, पाणवठे, आणि त्याही पुढे गावाच्या परंपरेतल्या जंगलाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला आणि पुढे त्यांनी स्वतःच्या सहीने बांबू विकला. कोकणात वैयक्तिक दाव्यांच्या मागे सगळे धावले, सामूहिक मागे राहिला.

दावा करायची रीत अशी. ग्रामसभा वाडीची किंवा पाड्याचीही घेता येते, आख्ख्या ग्रामपंचायतीचीच पाहिजे असं नाही. दहा-बारा वाड्यांच्या पंचायतीत कातकरी वाडीचा आवाज कुणी ऐकत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. सभेतून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, तिच्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश महिला. समिती जंगलात फिरून पुरावे गोळा करते: जुन्या पायवाटा, पाणवठे, देवाची ठिकाणं, मसणवटा, करवंदं-आवळा गोळा करायच्या जागा, म्हाताऱ्यांचे जबाब. मग नकाशा. ग्रामसभेचा ठराव झाला की दावा प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या. फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा.

यात करिअर कुठे आलं? मोबाईलवर जीपीएस वापरून हद्द फिरणारा, नकाशा काढणारा, ठराव शुद्ध मराठीत लिहिणारा, हिशोबाची वही ठेवणारा माणूस प्रत्येक वाडीला लागतो. हे काम दहावी-बारावी झालेला मुलगा आठवडाभरात शिकतो. ते करणाऱ्या संस्थांना स्थानिक कार्यकर्ते हवेच असतात आणि मानधनही मिळतं. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमायची, आराखडा करायचा. वनोपजाचा वाहतूक परवानाही मग ग्रामसभेचीच समिती देते. आराखड्यातली कामं रोजगार हमीत बसवून घेता येतात: दगडी बांध, खैर-शिवण-बेहड्याची रोपं, वनराई बंधारे. दिवाळीनंतर चार महिने असं काम वाडीतच निघालं तर भट्टीची उचल घ्यावी लागत नाही. ज्या घरांनी उचल घेतली नाही त्यांच्या पोरांची शाळा टिकते, हे गावोगावी दिसतं.

जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच नोंदवह्या शहरातल्या एजन्सीने टेबलावर बसून भरल्या आहेत. शेजारच्या तीन गावांच्या वह्या बघा, पानंच्या पानं सारखी सापडतील. ग्रामसेवकाला म्हणा, ही वही अद्ययावत करायची आहे, आम्ही करू, मानधनाची तरतूद दाखवा. इथे आजीचं कंदांचं ज्ञान पहिल्यांदा कागदावर येतं. औषधी वनस्पतीची नेमकी जागा आणि वापर मात्र सगळ्यांना वाचायला उघडा ठेवू नका, ती माहिती गोपनीय ठेवायची ठरावात नोंद करा.

खाडी आणि किनारा

रायगडच्या खाड्यांमध्ये हाताने चिंबोरी काढणारे कातकरी कुठेही दिसतील. त्याच खाडीत राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. त्याच्या उपजीविका योजनेत गावात समिती आणि बचतगट करून खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातले जिताडे, शोभिवंत मासे, कांदळवन सफर अशी कामं दिली जातात, खर्चाचा मोठा वाटा शासन उचलतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिला बचतगट होडीतून पर्यटकांना तिवर, चिप्पी, कांदळ दाखवत फिरवतो, ते एकदा बघून या.

खेकडापालन दिसतं तितकं सोपं नाही. तिवरांच्या कडेला जाळीचं कुंपण घालून पिल्लं सोडायची. कवच टाकल्यावर खेकडा काही तास मऊ असतो आणि बाकीचे त्याला खाऊन टाकतात. म्हणून आत फुटके माठ, पाईपचे तुकडे, फांद्या टाकून लपायला जागा करावी लागते. उधाणाच्या भरतीला जाळीची उंची कमी पडली की एका रात्रीत माल खाडीत परत. ज्यांना भरती-ओहोटी अंगात मुरलेली आहे त्यांचे गट टिकतात. गटात केवळ नावापुरती आदिवासी बाई घेऊन सही तिची आणि पैसा दुसऱ्याचा, असेही प्रकार होतात. बँक खात्यावर सही कुणाची आहे ते आधी ठरवा.

ऑलिव्ह रिडले कासवांचं काम हंगामी आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये सुरुवात केली, आता आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणीपर्यंत कासवमित्र आहेत. नोव्हेंबरपासून पहाटे किनारा फिरायचा, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून हॅचरीत त्याच खोलीवर पुरायची, पन्नास-एक दिवसांनी पिल्लं सोडायची. मानधन फार नाही. जोडीला घरगुती निवास आणि जेवण सुरू केलं तर घर चालतं.

वनौषधी आणि वाटाड्याचं काम

शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, सुकवून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली आणि वनधन केंद्राचं नाव देशभर झालं. वनधन केंद्र म्हणजे वीस-वीस जणांचे पंधरा बचतगट, सुमारे तीनशे माणसं. राज्यात त्याचं काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ बघतं. गुळवेल ओली विकू नका, सुकवून आणि प्रत लावून विका. मुळापासून उपटणाऱ्याचा माल गटाने घेऊच नये, वेल कापली तर पुन्हा फुटते. हिरडा-बेहड्याचंही तसंच. संगमेश्वराकडच्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्यामुळे ते झाड कोळशाला विकण्यापेक्षा दरवर्षी फळं विकणं परवडतं.

कर्नाळा, फणसाड, तानसा, तुंगारेश्वर या अभयारण्यांत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाटाड्यांची गरज असते. कर्नाळा तर मुंबई-गोवा महामार्गालाच लागून आहे, रविवारी पक्षी बघायला गर्दी होते. पक्ष्यांची स्थानिक नावं तुम्हाला येतातच, आता इंग्रजी नावं आणि दुर्बीण हाताळणं शिका. पन्नास पक्षी आवाजावरून ओळखता आले की पाहुणे पुढच्या वेळी नाव घेऊन विचारतात. साप पकडून व्हिडीओ टाकणं मात्र बंद करा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अडकाल आणि चारित्र्य पडताळणीत वनरक्षकाची नोकरीही जाईल.

विद्यापीठांचे, संस्थांचे अभ्यासक येतात तेव्हा वाडीतलाच कुणीतरी त्यांना रान दाखवतो आणि दुपारच्या जेवणावर भागवतो. पुढच्या वेळी कामाआधीच चार गोष्टी ठरवून घ्या: दिवसाचा दर किती, विमा आहे का, अहवालात माझं नाव येईल का, आणि काम झाल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र लेटरहेडवर मिळेल का. कॅमेरा ट्रॅप लावणं, ट्रान्सेक्ट चालणं (ठरलेल्या रेषेवरून चालत नोंदी घेणं), झाडांचा घेर मोजणं हे सगळं प्रमाणपत्रात कामाच्या नावानिशी लिहून घ्या, नुसतं 'मदतनीस' नको. अशी दोन-तीन प्रमाणपत्रं जमली की दुसऱ्या प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून महिन्याच्या पगारावर घेतात, आणि तिथे दहावीच्या टक्क्यांपेक्षा तुम्ही दरीतून किती चालता आणि काय ओळखता हे आधी विचारतात.

'साहेबांशी ओळख आहे, वनखात्यात लावून देतो' म्हणणारा एक तरी माणूस भरतीच्या वेळी वाडीवर येतोच. त्याला पैसे देऊ नका, मूळ कागद तर हातातही देऊ नका. शक्य असेल तर त्याचा नंबर आणि बोलणं मोबाईलमध्ये ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.